जुन्या मोटरसायकलचा एक गिअर इतका महाग का पडतो? (स्वतः करवून घेतला, त्याचा हिशेब)

लेशाफ्ट:

मंडळी, बरेच दिवस लिहायचं होतं. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच की तळहातावर मावणारा गिअर, त्यात पोलाद असून असून किती असणार, मग एवढे पैसे कशाचे? मीही हेच म्हणायचो. मग गेली दोन वर्षं बर्मन गिअरबॉक्सचा (जुन्या ब्रिटिश गाड्यांत असायचा) एक लेशाफ्ट गिअर, म्हणजे बॉक्समधल्या दुय्यम शाफ्टवरचा गिअर, करवून घेण्याच्या मागे लागलो होतो आणि आता माझं मत पार बदललंय, ते का बदललं ते सांगतो.

हिशेब पैशात मांडत नाही कारण दर सगळीकडे वेगळे, सगळं कामाच्या तासांत बदलून घेतलंय, मटेरियल आणि भट्टीचं भाडंसुद्धा. आकडे गोल केलेत.

पहिला नग हातात येण्याआधीच साधारण २०० तास गेले. मापं घेणं आणि ड्रॉइंग ६०, हॉब (दाते कापायचं हत्यार) आणि फिक्स्चर (नग पकडून ठेवायची जोडणी) ९०, ट्रायलचे नग, हार्डनेस तपासणी, पुन्हा दुरुस्ती यात ५०. त्यानंतर दर नगामागे ३ तास, म्हणजे पोलाद, टर्निंग, दाते कापणं, केस हार्डनिंग (भट्टीत फक्त वरचा थर कडक करणं), ग्राइंडिंग धरून. आता २० नग केले तर एक नग पडतो १३ तासांना. १०० केले तर ५ तासांना. ५०० केले तर ३.४ तासांना. म्हणजे खरा फरक २० आणि १०० मध्ये आहे, शंभराच्या पुढे उतरतं ते थोडंच, आणि ५०० गिअर घेणार कोण? ज्या गाड्यांना हा बसतो त्यातल्या किती अजून चालतात, त्यातल्या कितींचा नेमका हाच गिअर गेलाय, आणि त्यातले किती जण खरंच बॉक्स उघडणार!

मी १०० केले. एकूण गुंतवणूक ५०० तास. ५ तासांच्या भावाने विकले तर शंभरावा नग विकेपर्यंत मी तोट्यातच. ८ चा भाव लावला तर ६३ वा नग गेला की मुद्दल सुटतं. आणि खप कसा होतो ते बघा, पहिल्या वर्षी ज्यांच्या गाड्या दहा दहा वर्षं अडून पडल्या होत्या ते सगळे एकदम येतात, मग एकदम शांतता, मग वर्षाला चार-पाच. आणि गिअर चांगला झाला असेल तर घेतलेला माणूस परत आयुष्यात येत नाही. माझे ३८ गेलेत. उरलेले कपाटात तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेत.

म्हणून म्हणतो, त्या भावात पोलादाचा वाटा अगदी थोडा आहे. नग थोडे आहेत आणि ते खपायला वर्षं लागतात, तुम्ही पैसे मोजता ते याचे.

---

जुना रायडर:

लेशाफ्टभाऊ, मेहनत दिसतेय, मान्य. पण सगळेच तुमच्यासारखे नसतात. मी दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून किकचा गिअर मागवला, भाव तुमच्या भावाच्या तोडीचा, पॅकिंग झकास. तीन महिन्यांत दाते झिजून गोल झाले आणि किक मारली की पाय खाली सटकायचा. काढून कानस लावून बघितली तर दात्यावरून सरळ भुसा निघायला लागला, म्हणजे हार्डनिंग केलेलंच नव्हतं. आता सांगा, महाग म्हणजे चांगला हे कशावरून धरायचं? मी तर आता जुना वापरलेला पण मूळ पार्ट शोधतो, निदान तो कारखान्यातून आलेला तरी असतो.

---

कानसमाप:

जुना रायडर, तुमचं दुखणं बरोबर जागेवर आहे. या धंद्याची सगळ्यात वाईट गोष्ट हीच की चांगला गिअर आणि वाईट गिअर डोळ्यांना सारखेच दिसतात. वरचा एखादा मिलिमीटरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट, हे आत दडलेलं असतं. गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून तो स्वस्त निवडतो, मग जो भट्टीचा खर्च करतो त्याला भाव मिळत नाही, तो थांबतो, आणि बाजारात उरतो तो न करणारा. वाईट माणसं जास्त आहेत म्हणून असं होतं असं मला वाटत नाही, दिसत नाही त्याचा भाव कुणी देत नाही, एवढंच कारण पुरतं.

कानस मात्र चांगली युक्ती आहे, सगळ्यांनी करावी. नवा गिअर आला की जिथे दुसरा दाता टेकत नाही अशा जागी, दात्याच्या टोकाच्या कडेला, बारीक कानस हलक्या हाताने फिरवायची. कडक असेल तर कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकते, कच्चा असेल तर धरते, हाताला लगेच कळतं. गाडीत बसवायच्या आधी करा, नंतर परत कोण घेणार.

---

लेशाफ्ट:

@जुना रायडर, तुमचा राग समजतो. हार्डनिंगचा विषय निघालाच आहे तर माझी चूक सांगतो, कारण २०० तासांतले बरेच तिथेच गेले. पहिली ट्रायल बॅच १२ नगांची. कापून झाल्यावर सगळे शाफ्टवर अगदी मऊसूत बसत होते, मी खूश. भट्टीतून आले आणि एकही बसेना. आतल्या स्प्लाइनचं (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचांचं) भोक काही शतांश मिलिमीटर आवळलं होतं. कार्बन पाजून तेलात विझवलं की धातू हलतोच, किती हलणार ते आकारावर आणि पोलादावर, आणि ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. कडक झाल्यावर स्प्लाइन परत कापता येत नाही. बाराच्या बारा भंगारात. पुढच्या वेळी भोक आधीच तेवढं मोठं ठेवलं तेव्हा जमलं. कारखाना हजारोंनी गिअर काढायचा, त्याला असे १२ नग वाया गेले तर कुणाच्या लक्षातही येत नसेल, माझ्या १०० नगांवर ते वाटले की प्रत्येकाच्या भावात दिसतात.

आणि हॉबचं. जुने ब्रिटिश गिअर डायमेट्रल पिचवर (डीपी, दात्यांचं इंचातलं माप) आहेत आणि आता सगळीकडे सहज मिळतात ते मॉड्यूलचे (दात्यांचं मिलिमीटरमधलं माप) हॉब. १० डीपी म्हणजे २.५४ मॉड्यूल, शेल्फवर असतो २.५. कुणीतरी म्हणतंच की जवळपासच आहे की, चालवून घ्या. बसतोही! पण चालताना आवाज करतो आणि जोडीदार गिअरचे दाते खातो, म्हणजे एक वाचवायला गेलो आणि दोन घालवले. योग्य हॉब घ्यायचा तर तो माझ्या एका कामापुरताच, त्याचा खर्च दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. आट्यांचं तेच, व्हिटवर्थ ५५ अंशाचे, सायकल थ्रेड इंचाला २६, प्रत्येकाचे टॅप-डाय वेगळे घ्या.

---

तेलकट हात:

हे सगळं ठीक पण मला वाटतं आता थ्रीडी प्रिंटिंगने हा प्रश्न सुटणार. स्कॅन करा, प्रिंट करा, एक हवा तर एक. मग शंभर नगांचा साठा करायचाच कशाला?

---

ओतकामवाला:

तेलकट हात, मी फाउंड्रीत आयुष्य काढलंय, तुमचं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याने खरंच मोठा फरक पडलाय. ओतकामात आता वाळूचा साचाच थेट प्रिंट करून मिळतो, लाकडाचा पॅटर्न (वाळूत दाबायचा नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा साचा) करायची गरज राहत नाही. पाच-दहा कव्हर हवी असतील तर हे वरदान आहे, कारण पॅटर्नचा खर्च पाच नगांवर वाटणं कधीच जमलं नसतं. पण प्रिंट होतो तो साचा. धातू ओतणं, थंड करणं, आत पोकळी राहिली का बघणं, मशीनिंग, हे सगळं तेवढंच राहतं. आणि कनेक्टिंग रॉड किंवा गिअरसारखा लाखो वेळा ताण सोसणारा पार्ट धातूत प्रिंट करून वापरायचा तर नंतरचं ट्रीटमेंट आणि तपासणी एवढी लागते की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

आणि स्कॅनबद्दल एक कळकळीने सांगतो कारण ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय. लोक जुनं ॲल्युमिनियमचं कव्हर घेऊन येतात आणि म्हणतात हेच वाळूत दाबा आणि ओता. ॲल्युमिनियम थिजताना आणि थंड होताना साधारण १.३ टक्के आकसतं. २०० मिलिमीटरचं कव्हर असेल तर नवं निघतं अडीच मिलिमीटरहून जास्त लहान. दिसायला हुबेहूब, आणि स्क्रूची भोकं एकही जुळत नाहीत. म्हणूनच पॅटर्न करणाऱ्याची पट्टी वेगळी असते, तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा ५/३२ इंचाने मोठा असतो ॲल्युमिनियमसाठी, बिडाची वेगळी, त्यात १/८. स्कॅन केलात तरी हे वाढवून घ्यावंच लागतं, वर जिथे मशीन फिरणार तिथे जास्तीचं मटेरियल ठेवावं लागतं, आणि हे कुठे किती हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

---

सिंगल५००:

ओतकामवाला +१. त्यात भर, स्कॅन झिजलेल्या पार्टचा होतो. झिजलेला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) हुबेहूब काढलात तर नवा बुश पहिल्या दिवसापासून झिजलेलाच. एकाच पार्टचे चार-पाच जुने नग गोळा करून, जिथे काही घासत नाही त्या जागेपासून मोजत यावं लागतं. हे काम फुकट कुणी करत नाही आणि त्याचे पैसे द्यायलाही कुणी तयार नसतं.

---

हिशेबनीस:

पहिल्यांदाच लिहितोय, गाडी माझ्याकडे नाही, भावाकडे आहे, पण आकड्यांचं काम करतो म्हणून राहवलं नाही. लेशाफ्टरावांच्या गणितात एक गोष्ट राहिली. ते ५०० तास आज गेले आणि परत येणार आठ-दहा वर्षांत. तेवढा काळ अडकलेल्या भांडवलाचं व्याज धरा, ६३ व्या नगाला मुद्दल सुटतं म्हणताय ते प्रत्यक्षात ऐंशीच्या आसपासही जाऊ शकतं, कारण शेवटचे नग फार सावकाश जातात.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची वाटते. उद्या कुणी तुमचाच एक गिअर विकत घेऊन त्यावरून मापं काढली तर? नवा कोरा नग आहे, झीज नाही. त्याचे २०० तासांचे ३० होतील. तो १०० नग ३.३ तासांना पाडेल आणि तुमच्या निम्म्या भावात विकेल. पण गिऱ्हाइकं तीच मोजकी, ती दोघांत वाटली जातील, तुमचे ६२ नग पडून आणि त्याचेही पन्नास-साठ पडून. एवढ्याशा बाजारात एकाच पार्टचा एकच करणारा तग धरू शकतो. हे ठाऊक असल्यामुळेच पहिलं पाऊल कुणी टाकत नाही आणि पार्ट वर्षानुवर्षं मिळत नाही.

---

लेशाफ्ट:

@हिशेबनीस, व्याज मी मुद्दाम धरलं नव्हतं कारण धरलं तर केलंच नसतं :) पण तुमचं बरोबर आहे. कॉपीची भीती मलाही आहे.

---

कानसमाप:

हिशेबनीस यांचा मुद्दा अगदी नेमका. आणि यावर उपाय आहे, तो करून दाखवलेला आहे. व्हिन्सेंट या ब्रिटिश मोटरसायकलचं बघा. कारखान्याने १९५५ मध्ये मोटरसायकली बनवणं बंद केलं. युद्धानंतरच्या सगळ्या मिळून ११ हजारांच्या आसपास गाड्या, म्हणजे आपल्या लेखी काहीच नाहीत. तरी आज त्या गाडीचा जवळपास प्रत्येक पार्ट नवा मिळतो. कारण मालकांच्या क्लबने १९७५ मध्ये सभासदांच्या पैशातून स्वतःची स्पेअर्स कंपनी काढली. पैसे घालणारे तेच, विकत घेणारे तेच. नफा काढून न्यायचा नाही, जो उरेल तो पुढच्या पार्टच्या टूलिंगमध्ये, म्हणजे हत्यारं आणि साच्यांत. पुढे त्यांनी सगळे नवे पार्ट जोडून अख्खी एक ब्लॅक शॅडो उभी केली, ती मला फार मोठी गोष्ट वाटते, ज्या कारखान्याचा मागमूस नाही त्याची कोरी गाडी!

तिथे कॉपी करणाऱ्याला वावच नाही कारण गिऱ्हाईक स्वतः भागीदार आहे.

नॉर्टन कमांडोचं वेगळं. १९६७ ते १९७७ एवढीच बनली, पण मूळ ड्रॉइंग आणि टूलिंग एका कंपनीच्या हातात शाबूत राहिलं, अँडोव्हर नॉर्टन, त्यामुळे तुमचे ते ६० तास मापं घेण्याचे त्यांना लागतच नाहीत. कारखाना बुडतो तेव्हा लोक मशिनं विकत घेतात, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या रद्दीत जातात. माझ्या मते खरी किंमत त्या गुंडाळ्यांची असते.

---

तेलकट हात:

पण व्हिन्सेंट महाग गाडी आहे ना. मालकाकडे पैसे आहेत आणि गाडीची किंमत एवढी की पार्टवर कितीही घातले तरी परवडतं. माझ्याकडे साधी १२५ टू-स्ट्रोक आहे, माझ्या आजोबांची. लाखांनी बनली असेल. तिचा क्रँककेस तडकलाय आणि तो कुठेच मिळत नाही. ज्या गाड्या सगळ्यात जास्त लोकांनी वापरल्या त्यांचेच पार्ट नाहीत, हे फार लागतं मनाला.

---

ओतकामवाला:

हे खरं आहे आणि याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. गाडी दुरुस्त झाल्यावर जेवढ्याची होणार त्यापेक्षा पार्ट महाग पडला की बहुतेक लोक थांबतात. तुमच्या गाडीच्या केबल, गॅस्केट, क्लच प्लेट मिळत असतील कारण त्या परत परत लागतात, क्रँककेस आयुष्यात एकदा. पण तडकलेला केस म्हणजे गेलेला केस असं धरू नका. ॲल्युमिनियम वेल्डिंग करणारा जाणता माणूस बघा, केस आधी पूर्ण उकळून तेल काढायचं, सगळा एकसारखा तापवून मग वेल्ड, आणि नंतर बेअरिंगच्या जागा परत एका रेषेत बोअर करायच्या. शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि मग क्रँक अडकतो. फोटो टाका, तडा बेअरिंगच्या घरातून गेलाय का तेवढं बघू.

---

सिंगल५००:

केबल-गॅस्केटचा विषय निघाला म्हणून. मी थोडेफार पार्ट विकतो, छोट्या प्रमाणात. माझं दुकान चालतं ते केबल, गॅस्केट आणि कार्बोरेटरच्या किटवर. अमाल कार्बोरेटर कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांना एकच होता म्हणून त्याची सुई, जेट, स्लाइड आजही नवी बनतात आणि भाव आवाक्यात आहे. हळू जाणारे पार्ट मी याच कमाईतून सांभाळतो. म्हणून हात जोडून सांगतो, केबल दुसरीकडून दोन पैसे स्वस्त मिळते म्हणून तिकडून घेता आणि गिअरपुरते आमच्याकडे येता, तेव्हा गिअर ठेवणं आम्हाला जड जातं.

पिस्टनचं तर विचारू नका. बाहेरच्याला वाटतं एका गाडीचा एक पिस्टन. झिजलेलं सिलिंडर बोअर करून मोठं केलं की पिस्टनही मोठा लागतो, म्हणून मला ठेवावे लागतात स्टँडर्ड, +२०, +४०, +६० (इंचाच्या हजाराव्या भागांत), प्रत्येकाच्या वेगळ्या रिंग. बनवणारा म्हणतो कमीत कमी ५० घ्या, पण तो ५० एका मापाचे म्हणतो! म्हणजे २०० पिस्टन आणि त्यातला +४० संपतो, स्टँडर्ड दहा वर्षं तसाच. म्हणून मी आता पिस्टन एकाच मापाचा ठेवतो आणि सोबत लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) देतो, सिलिंडर बोअर करून लायनर दाबला की परत स्टँडर्ड. ज्यांचं सिलिंडर आधीच शेवटच्या मापावर गेलंय त्यांचीही सोय होते.

रबराचं उलट दुखणं, एकदा मोल्ड केला की वाटतं भरपूर काढून ठेवू, पण रबर पडून पडून कडक होतं, चिरतं. दहा वर्षांचा साठा करताच येत नाही.

---

जुना रायडर:

सगळं वाचलं. माझं मत थोडं हललंय हे मोकळेपणाने सांगतो. पण न्यू ओल्ड स्टॉकबद्दल (त्या काळी बनलेला, न वापरलेला माल) अजून तेच म्हणेन, मूळ डब्यातला पार्ट तो मूळच.

---

कानसमाप:

मूळ डब्यातल्या पार्टला माझाही मान आहे, पण तो साठा फक्त कमीच होणार. आणि ज्याच्याकडे दहा आहेत तो भाव चढायची वाट बघत ठेवून देतो, गाड्या उभ्याच राहतात. नवा पार्ट निघाला की तेच डबे हळूच बाहेर यायला लागतात.

होंडाची एक गोष्ट या सगळ्यात फार बोलकी आहे. १९६९ ची सीबी७५०, तिची पहिली साधारण ७,४०० इंजिनं, ज्यांना लोक सँडकास्ट म्हणतात, त्यांचे केस महागड्या प्रेशर डायने (दाबाने धातू भरायचा पोलादी साचा) काढलेले नव्हते, कारण एवढी मोठी गाडी खपेल की नाही याची होंडालाच खात्री नव्हती. मागणी दिसली तेव्हा डायमध्ये पैसे घातले. होंडाएवढ्या कंपनीने जे केलं तेच आपण करावं, आधी मागणी पक्की करायची, मग टूलिंग. कावासाकीने झेड१ चं सिलिंडर हेड इतक्या वर्षांनी परत काढलं तेही मोजक्याच नगांत.

---

लेशाफ्ट:

तर मग ठरवू. पुढचा नंबर त्याच बॉक्सच्या जोडीदार गिअरचा, कारण माझा नवा गिअर झिजलेल्या जोडीदारावर चालवणं मला पटत नाही. या वेळी ऑर्डर आधी. ४० जणांनी अर्धे पैसे आधी भरले तरच हॉब घेईन, नाही झाले तर ज्याचे त्याला परत. ड्रॉइंग मी माझ्याकडे दाबून ठेवणार नाही, जे ४० जण असतील त्या सगळ्यांकडे एकेक प्रत, उद्या मी नसलो तरी कुणालातरी परत काढता येईल. हार्डनेसचा रिपोर्ट प्रत्येक बॅचसोबत. ब्रेकचा आणि फोर्कचा कुठलाही पार्ट मात्र मी करणार नाही, माझ्या चुकीने कुणाचा जीव जाईल ती जबाबदारी मी एकटा घेऊ शकत नाही.

ज्यांचा बॉक्स आत्ता उघडा आहे त्यांनी मापं द्या. व्हर्नियरने टोकाचा व्यास नको, डिस्क मायक्रोमीटरने तीन दात्यांवरचं माप हवं, गिअरच्या चार बाजूंना.

---

हिशेबनीस:

भावाच्या वतीने एक धरा.

---

ओतकामवाला:

माझा एक.

---

सिंगल५००:

दुकानासाठी सहा.

---

जुना रायडर:

माझाही एक लिहा. बॉक्स माझा उघडाच आहे, किकच्या त्या प्रकरणापासून. मापं घेतली, रात्री टाकतो. पण एक विचारायचंय, माझ्या गिअरला आतल्या बुशमध्ये तेलासाठी एक आडवी खाच आहे, तुमच्या आधीच्या फोटोत ती दिसत नाही. माझा बॉक्स एरियलचा, तुमचा मॅचलेसचा ना?

---

लेशाफ्ट:

हो, मॅचलेसचा. ही खाच मला माहीतच नव्हती. बुशचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका, खाचेची रुंदी आणि ती काठापासून किती आत आहे तेही. तोपर्यंत ड्रॉइंग थांबवतो.